तळघरातले द्राक्षासव

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाच्या बश्या धुऊन झाल्या, सूनबाईने खिडकीत मांडलेल्या पणत्या एकेक करून शांत झाल्या, आणि आम्ही अंथरुणाला पाठ टेकतो न टेकतो तोच पायाखाली कुठेतरी ‘फट्’ असा आवाज झाला. थोड्या वेळाने दुसरा. मग लागोपाठ तीन.

“इथेही पोरे रात्री फटाके उडवतात वाटते,” हे कूस बदलून म्हणाले.

पण फटाके घराबाहेर उडतात, घराखाली नव्हे! चिरंजीव धावत तळघरात गेले, त्यांच्यामागून मी. पाहते तो काय, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लाल चिळकांड्या, जमिनीवर लाल थारोळे आणि मधोमध पाच बुचे पडलेली. कोणाचा तरी मुडदा पडला असावा असा देखावा! चिरंजीव मात्र खून करून पकडल्यासारखे नव्हे, लहानपणी साखरेच्या डब्याशी सापडले की उभे राहत तसे उभे होते.

“आई, रागावू नकोस. मी घरी वाइन करतो.”

ही गोष्ट 2022 सालच्या दिवाळीची, टोरांटोशेजारच्या मिसिसागा गावातली. आम्ही सांगलीहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलो होतो. माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. दोन्हीकडे वाइन हा शब्द कुजबुजत उच्चारण्याचा. रागावण्याचा माझा पुरेपूर विचार होता. परंतु ओले फडके घेऊन भिंत पुसता पुसता मी एक प्रश्न विचारला, “अरे, पण ही उडाली कशी?” आणि त्या एका प्रश्नाने माझे पुढचे पाच महिने खाल्ले.

पुढे लिहिण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे हा लेख वाचून कोणी माळ्यावरची बरणी खाली काढायला नको. आपल्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते चुलीवर गाळलेले असो की द्राक्षांचे आंबवलेले असो. कॅनडात स्वतःच्या घरापुरती वाइन करण्यास मुभा आहे; विकायची मात्र नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्यापासून दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी 200 गॅलनपर्यंत करता येते. (दोन माणसे 200 गॅलनचे काय करतात हे कायद्यात लिहिलेले नाही.) तेव्हा हे सारे प्रयोग मिसिसागाच्या तळघरातले, असे समजूनच वाचावे. ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत त्यांना तर हे समजून घेणे भागच आहे. कारण आज ना उद्या त्यांच्याही पायाखाली ‘फट्’ होणार!

तिकडे वाइन करण्याच्या तयार पेट्या मिळतात. आपल्याकडे गुलाबजामच्या पिठाची पुडकी मिळतात ना, तसलाच प्रकार. पेटीत द्राक्षाच्या आटवलेल्या रसाची मोठी पिशवी, यीस्टची पुडी आणि आणखी चार-पाच पुड्या असतात. रसात पाणी घालून 23 लिटर करायचे, म्हणजे सुमारे 30 बाटल्या होतात. त्यावर यीस्ट टाकायचे. यीस्ट साखर खाते, तिच्यातून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. साखरेचे वजन जवळजवळ निम्मे इकडे, निम्मे तिकडे जाते. इडलीचे पीठ फुगते तेही यीस्टच्या आणि जिवाणूंच्या अशाच कारभाराने. हे जिवंत प्राण्यांचे काम आहे असे फ्रान्सच्या पाश्चर साहेबांनी सिद्ध केले. वाइनवरचा त्यांचा ग्रंथ 1866 सालचा. त्यापूर्वी हजारो वर्षे लोक वाइन करीतच होते, फक्त ती का होते हे त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या चिरंजीवांचीही स्थिती तीच होती.

पेटीवर लिहिले होते ‘चार आठवडे’. चिरंजिवांनी अठ्ठाविसावा दिवस पंचांगात पाहून बाटल्या भरल्या! आत साखर शिल्लक आहे की संपली, हे पाहिलेच नाही. तळघर थंड, म्हणून यीस्ट पेंगत होते. बाटल्या नेऊन ठेवल्या घर तापवणाऱ्या भट्टीच्या खोलीत. ऑक्टोबरात थंडी पडली, भट्टी सुरू झाली, खोली उबदार झाली आणि यीस्टला जाग आली. उरलेल्या साखरेवर त्याने ताव मारला, वायू कोंडला, आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री बुचे उडाली. पेटीत सॉर्बेट नावाची एक पुडी असते, ती चिरंजिवांनी घातली होती. परंतु ती संपलेले काम पुन्हा सुरू होऊ देत नाही एवढेच. चालू काम ती थांबवू शकत नाही. कढी उतू गेल्यावर गॅस बारीक करण्यासारखेच ते.

यावर उपाय म्हणजे एक काचेची कांडी. तिला हायड्रोमीटर म्हणतात. दूधवाल्याचे दूध पकडायला आपल्या लहानपणी घरोघर लॅक्टोमीटर असे, त्याचीच ही बहीण. पाण्यात ती 1.000 दाखवते, गोड रसात वर तरंगते आणि 1.080, 1.090 असे दाखवते. साखर संपत जाते तशी बुडत जाते, आणि शेवटी मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळे 0.995 च्याही खाली उतरते. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करा, बाकीला 131 ने गुणा, की मद्यार्काचा टक्का अदमासे मिळतो. दोन-तीन दिवस एकच आकडा दिसला आणि तो 0.996 च्या खाली असला, तरच काम संपले. पेटीवरचे आठवडे छापणाऱ्याने आपले तळघर पाहिलेले नसते!

हे गणिताचे निवृत्त शिक्षक. वाइनच्या नावाने ह्यांनी नाक मुरडले होते. पण कांडी हाती येताच ह्यांनी एक वही घातली, तिच्यावर समास आखले आणि दुसऱ्या दिवसापासून हे सकाळ-संध्याकाळ तळघरात जाऊ लागले. थेंबभरही कधी तोंडाला लावला नाही, आणि नोंद एकही चुकवली नाही.

नोव्हेंबरात चिरंजीव दोन नव्या पेट्या घेऊन आले. एक पूर्वीचीच, स्वस्तातली. दुसरी दुपटीहून महाग. दोन्हींवर नाव मात्र एकच. ते मी वाचले आणि खुर्चीत बसले. नाव होते शिराझ.

ह्याचे कारण सांगायचे तर सांगलीला परत यावे लागेल.

माझ्या धाकट्या दिरांची, म्हणजे आमच्या भाऊजींची, तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. तासगावचे द्राक्ष म्हणजे खाण्याचे द्राक्ष. मूळ थॉमसन सीडलेस, हे नाव कॅलिफोर्नियातल्या कोणा थॉमसन साहेबांचे. आणि त्याच्यातूनच आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने निवडून काढलेले वाण ‘तास-ए-गणेश’. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि मग पाऊस, दव, भुरी, केवडा यांच्याशी झुंजत फेब्रुवारी-मार्चपर्यंत श्वास रोखून धरायचा, असे हे पीक. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढले. वाइनसाठी दोन उद्याने ठरली, एक नाशिककडे विंचूरला आणि दुसरे आमच्याकडे पलूसला. पलूस म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचे. ज्या माळावर लक्ष्मणरावांनी 1910 साली नांगराचा कारखाना उभा केला, त्याच्या कुशीत आता वाइनचे कारखाने येणार म्हणून केवढे कौतुक होते!

भाऊजींनी 2006 साली एक एकर शिराझ लावली. मी ती द्राक्षे खाल्ली आहेत. मणी हरभऱ्याहून थोडे मोठे, जवळजवळ काळे, साल जाड, आत बिया. ताटात ठेवली तर पाहुणे म्हणतील, ही काय थट्टा? पण गोडी जबरदस्त. खायचे द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला तोडतात, म्हणजे शंभर भाग रसात सतरा-अठरा भाग साखर. वाइनचे बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर राखावे लागते. पहिल्या हंगामात कारखान्याने माल उचलला. मग 2008 ची जागतिक मंदी आली, वाइनचा खप बसला, कारखान्यांची टाकी भरलेली राहिली. पुढल्या हंगामात भाऊजींचा माल तयार झाला. गाडी आज येईल, उद्या येईल, म्हणता म्हणता आलीच नाही. ही द्राक्षे बाजारात कोणी विकत घेत नाही. तशीच वेलीवर सुकली, पाखरांनी खाल्ली. पावसाळ्यापूर्वी भाऊजींनी त्या वेली बुडापासून कापल्या. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले होते. वरणभात कालवला, आणि तसाच ठेवून उठले. महाराष्ट्रात त्या दोन-तीन वर्षांत कित्येकांनी वाइनची द्राक्षे अशीच काढून टाकली.

दुसरा तडाखा 2020 च्या मार्चचा. टाळेबंदी लागली तेव्हा बाकीच्या दोन एकरांतले थॉमसन तोडणीला आलेले. व्यापारी नाही, ट्रक नाही, मजूर नाही. तेव्हा ह्याच आमच्या चिरंजिवांनी कॅनडातून फोनवर सल्ला दिला, “काका, घरी वाइन करा.” भाऊजींनी शांतपणे उत्तर दिले, “बाळा, द्राक्षे गेली तर बाग राहील. तुरुंगात गेलो तर बागही जाईल.” आणि त्यांनी बेदाणा केला. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढले, म्हणजे सालीवरचे मेण सैल होते आणि पाणी लवकर सुटते. मग शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर पंधरा दिवस पसरले. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. त्या दिवसांत मी, सूनबाईचे आईवडील, शेजारपाजार, सगळ्यांनी मिळून देठ मोडले. सांगलीच्या बेदाण्याला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे हे तुम्ही वाचले असेल. देठ मोडून बोटे कशी चिकटतात हे त्यात लिहिलेले नाही.

तेव्हा माझ्यापुढे शिराझच्या दोन पेट्या होत्या, आणि आमच्या पेटाऱ्यात भाऊजींनी नातवंडांसाठी बांधून दिलेला दोन किलो बेदाणा.

आता त्या पेट्यांतला भेद सांगते. स्वस्त पेटीत आटीव रस साडेसात लिटर. त्याला साडेपंधरा लिटर पाणी घालायचे. महाग पेटीत रस सोळा लिटर. पाणी सात लिटर. शिवाय तिच्यात द्राक्षांच्या सालींची एक ओलसर पिशवी आणि ओक लाकडाचा भुगा. रस जितका अधिक आटवावा तितका त्याचा वास उडून जातो, हे आमरस आटवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. पाणी घालून घट्टपणा मोडतो, पण उडालेला वास कुठून आणणार? पुन्हा, लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. गर तर लाल द्राक्षाचाही बहुधा पांढराच. तेव्हा साली असलेली पेटी निराळी पडणारच. पेटी घेताना चित्राकडे न पाहता आत रस किती लिटर आहे एवढे वाचावे, निम्मी फसवणूक टळते.

स्वस्त पेटीचा पोकळपणा कसा भरावा, याचा चिरंजिवांच्या एका इटालियन शेजाऱ्याने तोडगा सांगितला: बेदाणे घाला. माझी कळी खुलली! पण बेदाणे जसेच्या तसे घालायचे नाहीत. त्यांना गंधकाची धुरी दिलेली असू शकते आणि गंधक यीस्टला मारक. शिवाय तेलाचा हात असतो. म्हणून भाऊजींचा अर्धा किलो बेदाणा मी दोन वेळा गरम पाण्यातून काढला, जाडसर चिरला, स्वच्छ पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधला आणि स्वस्त पेटीच्या पिंपात सोडला. बेदाण्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास साखर. ती हळूहळू सुटते म्हणून पहिल्या दिवशी कांडीला दिसत नाही. ह्यांनी हिशेब केला: अर्ध्या किलोत साडेतीनशे ग्रॅम साखर, लिटरला पंधरा ग्रॅम, आणि लिटरमागे सतरा ग्रॅम साखरेला एक टक्का मद्यार्क, म्हणजे टक्काभर मद्यार्क वाढेल. वहीत तशी तळटीप घातली.

स्वच्छतेचा भाग थोडक्यात आटोपते, कारण आपल्या बायकांना त्यात शिकवण्यासारखे काही नाही. लोणच्याची बरणी धुऊन, उन्हात तापवून घेणारीला निर्जंतुक म्हणजे काय ते कळते. तिकडे ऊन नाही, म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्याने सगळी भांडी, नळ्या, पळ्या विसळून घेतात. चिरंजीव भांडे ‘दिसायला स्वच्छ’ असले की पुरे म्हणत. दिसायला तर नासलेले दूधही पांढरेच असते.

नववा दिवस उजाडला आणि ह्यांची स्वारी चिंतातुर होऊन वर आली. दोन्ही पिंपांचा आकडा तीन दिवस 1.030 वर अडला होता. बुडबुडे बंद. चिरंजिवांनी आणखी यीस्ट टाकायची भाषा सुरू केली. मी पिंपाला हात लावला, गार दगड! पेटीवर 20 ते 24 अंश लिहिलेले, आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या त्या कोपऱ्यात अवघे 14.

आणि मला साताऱ्याचे आमचे माजघर आठवले. माझे आजोबा वैद्य. त्या काळी साताऱ्यात वैद्यकीचा मोठा दबदबा. आयुर्वेदीय अर्कशाळा तर आमच्या गावचीच. आजोबा घरी द्राक्षासव घालीत. मनुका, गूळ, मध, वेलची-दालचिनीसारखी द्रव्ये आणि धायटीची सुकलेली लाल फुले. त्या फुलांना चिकटलेले यीस्टच आसव आंबवते, हे मला फार उशिरा कळले. (आता आसवे-अरिष्टे करायलाही परवाना लागतो, हे ओघाने आलेच.) तर आजोबा तोंड लिंपलेला रांजण उघड्यावर कधी ठेवीत नसत, धान्याच्या राशीत गळ्यापर्यंत पुरीत. लहानपणी मला वाटे, चोर येऊ नयेत म्हणून! आता मिसिसागाच्या तळघरात उभी असताना उमगले. धान्याच्या राशीत ना थंडी शिरते, ना ऊब बाहेर पडते. दिवसरात्र सारखी ऊब मिळावी म्हणून ते धान्य होते.

मिसिसागात धान्याची रास कुठली? पण सूनबाईच्या बाळंतपणाच्या वेळी मीच शिवून पाठवलेली वाकळ होती. दोन्ही पिंपे वर आणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली, तळाचा गाळ पळीने हलकेच ढवळला, म्हणजे झोपलेले यीस्ट वर यावे, आणि भोवती वाकळ गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना मागून आवाज आला: ‘बुडुक’. मग पुन्हा ‘बुडुक’. सूनबाईने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी वही काढली.

आजोबांजवळ हायड्रोमीटर नव्हता. ते रांजणाला कान लावीत; आत खळखळ असेल तर आसव ‘बोलते आहे’ म्हणत. मग तोंडाशी जळती काडी नेत. विझली तर आत वायू निघतो आहे, काम चालू. जळत राहिली तर आसव झाले. मी चिरंजिवांना ही परीक्षा करून दाखवली. पिंपाचे झाकण किलकिले करून काडी नेली, पटकन विझली. कांडी सांगत होती 1.012. आजोबांचे आणि कांडीचे एकमत झाले.

त्यानंतरचा भाग धीराचा आहे, आणि पेटीवाले नेमका तिथेच घाई करायला लावतात. 1.010 च्या खाली आल्यावर रस नळीने ओढून काचेच्या बुधल्यात घेतला, गाळ मागे. बुधला काठोकाठ भरलेला हवा. लोणच्यावर तेलाचा थर का देतो? हवा लागू नये म्हणून. येथे तेलाऐवजी बुधल्याच्या तोंडाशी पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात. आतला वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. स्वस्त पेटी एकविसाव्या दिवशी 0.994 ला उतरली, महाग चोविसाव्या दिवशी तितक्यालाच. सुरुवात 1.080 आणि 1.092. म्हणजे एकीत सव्वाअकरा टक्के, अधिक बेदाण्याचा एक. दुसरीत पावणेतेराच्या आसपास.

मग वायू काढणे. काम संपले तरी वाइनमध्ये वायू विरघळलेला राहतो. तो जिभेला चुरचुरतो आणि गाळही खाली बसू देत नाही. चिरंजीव पूर्वी दोन मिनिटे ढवळून मोकळे होत. ह्या वेळी तिघांनी पाळी लावून, मधे विसावा घेत, दोन दिवस ढवळले, फेस येईनासा होईपर्यंत. मग निवळण्याच्या पुड्या घातल्या, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत हात लावायचा नाही असा हुकूम मी काढला. बुधल्यामागे छापील कागद धरून अक्षरे वाचता येतील इतकी निवळ झाली, तेव्हाच बाटल्या भरल्या. गाळात गेलेले धरून एकीच्या अठ्ठावीस, दुसरीच्या एकोणतीस.

मधल्या काळात सूनबाईने विचारले, “आई, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची होईल का हो?” होते, करतात. परंतु स्ट्रॉबेरीत साखर द्राक्षाच्या निम्मीदेखील नसते, बाहेरून घालावी लागते. आणि तो सुंदर रंग काही महिन्यांत विटून तांबूस-पिवळा होतो. माझे मत विचाराल तर स्ट्रॉबेरीचा पाकच करावा. पाचगणीकरांना ती अक्कल केव्हाच आलेली आहे.

आता परीक्षा. आयुष्यात पहिल्यांदा मी वाइन चमच्याने चाखली, आणि तीही जानेवारीत, बाटल्या भरताना. महाग पेटीची इतकी तुरट की कच्चे जांभूळ चावल्यासारखे तोंड मिटले! बेदाणेवाली मऊ, भरीव. चिरंजिवांनी जाहीर केले, “आई, दुपटीचे पैसे फुकट गेले.” मी म्हटले, थांब. मोरावळा घातल्या दिवशी खाऊन पाहतात का?

एप्रिलमध्ये, आमच्या परतीच्या आदल्या आठवड्यात, तीन पेले मांडले. पहिला दिवाळीत उडालेल्या पेटीतला. तिच्या उरलेल्या बाटल्या उघडून बुधल्यात पुरती आंबू दिली होती. त्या वाइनला हवा लागली होती, तेव्हा तुलना अगदी काटेकोर नव्हे, हे कबूल. पण तरीही ती म्हणजे लाल रंगाचे पाणी, वर आंबट ढेकर. दुसरा भाऊजींच्या बेदाण्याचा. त्याच कंपनीची तीच पेटी, पण तोंडात काहीतरी आहे असे वाटणारी, किंचित मनुकांचा वास येणारी. सूनबाईची पसंती तिलाच. आणि तिसरा महाग पेटीचा. तुरटपणा तीन महिन्यांत पार निवळला होता. मी पेला नाकाशी नेला आणि चटकन मागे घेतला, पुन्हा नेला. काळे मिरे! आत्ताच कोणी कुटल्यासारखा. मला वाटले, पेला मसाल्याच्या फडक्याने पुसला गेला. चिरंजीव हसले. शिराझच्या सालीत मिऱ्याच्याच वासाचे एक द्रव्य असते, रोटुंडोन नावाचे. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ते 2008 साली ओळखून काढले. आटीव रसाच्या पेटीत हा वास बहुतेक मरतो. आमच्या पेटीत साली होत्या म्हणून थोडा वाचला असावा.

2008. त्याच साली भाऊजींच्या शिराझचा पहिला माल गाडीत चढला होता.

त्या रात्री मी सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती, भाऊजी बागेतच होते.

“भाऊजी, शिराझ चाखली.”

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “कशी लागते हो वहिनी?”

तीन वर्षे त्यांनी त्या वेली लेकरासारख्या वाढवल्या होत्या, पण त्यांच्या द्राक्षाचे पुढे काय होते ते कधी कोणी त्यांना चाखवले नव्हते. मी सांगितले, मिऱ्याचा वास येतो, जांभळासारखी तुरट, आणि जिभेच्या मागे बराच वेळ राहते.

“गोड?”

“गोड मुळीच नाही. साखर सगळी यीस्ट खाऊन टाकते.”

“अहो, मग चोवीस ब्रिक्स चढावे म्हणून आम्ही पाखरे हाकलत उन्हात उभे राहिलो ते कशाला?”

“त्या साखरेचाच तर मद्यार्क होतो, भाऊजी.”

ते हसले. बऱ्याच वर्षांनी त्या विषयावर त्यांना हसताना ऐकले. मग म्हणाले, “आणि माझा बेदाणा?”

“सूनबाईला बेदाणेवालीच आवडली.”

“पोराला सांगा, पुढच्या खेपेला चिरू नकोस म्हणावे. नुसता चेच. चिरला की बी नसलेला गर नीट उघडत नाही.” पलीकडे फवारणीचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. “आणि किती लागेल ते आत्ताच कळवा. ह्या वर्षीचा शेडमधून उतरतोय.”